मानधनाची ओळ

दादांच्या शिल्पप्रदर्शनाचं अंदाजपत्रक देणगीदार अप्पांकडून परत आलं. दालनाचं भाडं, ओतकाम, पेडेस्टल, टेंपो, कॅटलॉग, सगळ्यांपुढे बरोबरची खूण. फक्त ‘शिल्पकाराचं मानधन’ या ओळीवर लाल रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात, ‘हे कशाला? प्रदर्शन त्यांचंच आहे ना.’

अप्पांनी वाईट मनाने लिहिलेलं नाही. मोठा वाटा तेच उचलणार आहेत. तरी संध्याकाळपासून जेवणावरून मन उडालंय. हमालाला पैसे, सुताराला पैसे, उद्घाटनाच्या फुलांना पैसे, आणि दादांनी मात्र हौस म्हणून राबायचं?

एका अर्धपुतळ्याचं बघू. लोखंडी पाइप, त्यावर तारेचा सांगाडा. डोक्याच्या जागी तारेला टांगलेल्या लाकडी फुल्या, म्हणजे ओली माती स्वतःच्याच वजनाने खाली घसरत नाही. माती चढली की रोज काम थांबवताना ओलं फडकं आणि वरून प्लास्टिक. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते फडकं वाळलं, तर पहिला तडा जातो नाकाच्या शेंड्याला, नाहीतर कानाच्या पाळीला. म्हणून वहिनी माहेरी जातानासुद्धा फडकं भिजवायची जबाबदारी कुणावर तरी टाकून जातात. हे महिने कुठल्या बिलात लिहायचे?

ओतकामाचं तसं नाही. तिथे हिशेब मांडता येतो. साच्यातून पुतळ्याची पोकळ मेणाची प्रत निघते, पुढे ते मेण वितळवून त्याच जागी धातू ओततात. म्हणून मेणाच्या प्रतीचं वजन करायचं आणि दहाने गुणायचं. मेण पाण्यापेक्षा किंचित हलकं, ब्राँझ पाण्याच्या जवळजवळ पावणेनऊ पट जड. अडीच किलो मेण म्हणजे सुमारे २५ किलो धातू. धातू आत जायच्या आणि हवा बाहेर पडायच्या नळ्यांत अडकतो तो वेगळा, तो कापून परत भट्टीत जातो. मेणाचा थर ५ मिलिमीटरऐवजी ८ झाला, तर धातू दीडपटीहून जास्त लागतो. आणि थर कुठे जाड, कुठे पातळ राहिला, तर जाड जागा सगळ्यात शेवटी थंड होते आणि आकसून तिथे खड्डा पडतो. मग वेल्डिंग, मग पुन्हा छिन्नी. हे एकदा समजावलं की देणगीदार मान डोलावतात. काट्यावर दिसतं ना.

पेडेस्टलचंही तेच. १५ इंच चौरस आणि ३६ इंच उंच पेडेस्टल १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये करायचा, तर ८ बाय ४ च्या एका शीटमधून सहा बाजू आणि तीन माथे निघतात. म्हणजे शीटमागे दीड पेडेस्टल. वीस शिल्पांना १४ शीट, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून. आत तळाशी वाळूची पोती हवीत, नाहीतर गर्दीत कुणाची पर्स लागली तरी ब्राँझ हलतं. दगडाचं काम असेल तर आणखी जपायला हवं. आपल्या काळ्या बेसॉल्टचा एक घनफूट ८० किलोच्या आसपास भरतो. दालन पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, असं असेल तर हमालीचा आकडा टेंपोच्या पुढे जातो. खोक्यांना खिळे नकोत, स्क्रूच हवेत, कारण हीच खोकी परतीला लागतात. परतीचा टेंपो बहुतेक अंदाजपत्रकांत नसतोच. विक्री होईल असं सगळे धरून चालतात.

अप्पांनी परतीच्या टेंपोलाही खूण केली आहे. इतकं बारकाईने वाचलं, आणि तरी ती रेघ!

स्मारकाचा पुतळा असता तर एवढी ओढाताण झाली नसती. पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यामागे राजर्षी शाहू महाराज होते. १९२१ मध्ये पायाभरणी झाली, १९२२ मध्ये महाराज गेले, तरी काम थांबलं नाही. १९२८ मध्ये शिल्पकार करमरकरांनी घडवलेला पुतळा उभा राहिलाच. त्या कामामागे आख्खा समाज होता. दादांची गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली बाई कुणाच्याच जयंतीची नाही. तिच्यासाठी वर्गणी मागताना सुरुवात कुठून करायची, हेच कळत नाही.

त्यात दिवस हे असे. पावसात प्लास्टरचे साचे वाळत नाहीत, म्हणून फाउंड्रीची तारीख पुढे जाते. गणपतीत प्रत्येकाने मंडळाला वर्गणी दिलेली असते, पितृपक्षात कुणी शब्द देत नाही, दिवाळीत टेंपो मिळत नाही. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजासाठी करायच्या खर्चात, कला आणि संस्कृती बसते, पण कंपनीला स्वतःच्या मालाची जाहिरात करून हवी असेल तर ते प्रायोजकत्व होतं, सीएसआर नाही. बोलणी सुरू करतानाच हे स्पष्ट करावं. देणगीवर आयकर सवलतीसाठी पावती हवी असलेल्यांकडून दोन हजारांवर रोख घ्यायची नाही, चेक किंवा ऑनलाइनच. ट्रस्टचे कोशाध्यक्ष याबाबतीत कडक आहेत आणि त्यांचं बरोबर आहे.

दादांना रेघेबद्दल सांगायचं का? ते हसून ‘असू दे’ म्हणतील. तेच मला नको आहे.

रात्री पुन्हा सगळा कागद वाचला. अप्पांनी जन्मभर कारखाना चालवला. बिल नाही तर पैसे नाहीत, ही त्यांची शिस्त, आणि त्या शिस्तीमुळेच त्यांचे पैसे कबूल केलेल्या तारखेला येतात. त्यांना बदलायला जायचं कारण नाही. ओतकाम, खोकी, जाणं-येणं, ज्याचं ज्याचं बिल असतं ते सगळं अप्पांकडे. प्लायसाठी टिंबर मार्केटमध्येच शब्द टाकावा, तिथे रोखीपेक्षा माल सहज मिळतो. दिव्यांचं भाडं सीएसआरवाल्या कंपनीकडे. बहुतेक दालनांतले दिवे भिंतीवरच्या चित्रांसाठी बसवलेले असतात. मधोमध ठेवलेल्या शिल्पाच्या चेहऱ्यावर सावली पडते, दोन बाजूंनी स्टँडचे दिवे लावावेच लागतात.

मानधन मात्र ‘इतर खर्च’ या नावाखाली लपवायचं नाही. ती ओळ तशीच राहील, फक्त अप्पांच्या प्रतीत नसेल. त्यासाठी पाचशे-हजार देणारे गाठायचे. दादांच्या हाताखाली माती मळलेले विद्यार्थी आता ठिकठिकाणी शिकवतात, त्यांना त्या महिन्यांचा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. दुसरं म्हणजे बसलेल्या बाईच्या लहान आकारातल्या आठच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर क्रमांक कोरायचा आणि निम्मी रक्कम आगाऊ घेऊन नोंदणी करायची. देणगीदारांना भेट म्हणून छोटं ब्राँझ द्यायची कल्पना मात्र मोडून काढावी लागेल. प्रत्येक भेटीला साचा, ओतकाम, फिनिशिंग, बैठक आणि खोकं लागतं, आणि देणगीतला बराचसा पैसा त्यातच जातो.

आगाऊ रकमेतून फाउंड्रीचा पहिला हप्ता सोडला की उरेल ते थेट दादांच्या नावावर, उद्घाटनाच्या आधी. विद्यार्थ्यांना जाणाऱ्या पत्रात एवढं ठळक हवं: मानधन विक्रीवर अवलंबून नाही, एकही शिल्प गेलं नाही तरी ते दिलं जाईल. पत्राचा मसुदा सकाळी आधी कोशाध्यक्षांना दाखवायचा.