तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरी चावी का नको?

"मॅडम, आमच्यावर विश्वास नाही का?" बँकेच्या काउंटरवर तुम्ही मोजून दिलेलं नोटांचं पाकीट मी पुन्हा मशीनला लावते, साहेब निघताना "ही पण ठेवा हो" म्हणत तिजोरीची त्यांची चावी पुढे करतात ती घेत नाही, की हे ठरलेलंच. विश्वास आहे हो. चावी नकोय.

आधीच्या शाखेत जॉइंट कस्टडी, म्हणजे तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असायचा नियम, कागदावरच होती. दोन्ही चाव्या माझ्या पर्समध्ये. तिथले साहेब चारचौघांत म्हणायचे, "हिच्याकडे डोळे मिटून द्या." मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एका संध्याकाळी पाचशेच्या शंभर नोटांचं एक पाकीट कमी भरलं. पन्नास हजार. ड्रॉवर उपसले, कचऱ्याच्या टोपल्या उलट्या केल्या, व्हाउचरं पुन्हा लावली. चौकशीत विचारलं, सकाळी तिजोरी उघडताना सोबत कोण होतं? रजिस्टरवर साहेबांची सही होती, पण ती ते दुपारी सावकाश करायचे. ते म्हणाले, "मी विश्वासाने चावी दिली होती." खरंच होतं ते. तेवढ्यावर ते बाजूला झाले आणि मी एकटी उरले. पैसे माझ्या पगारातून कापले. सिद्ध काही झालं नाही, पाकीटही सापडलं नाही. शेजारच्या काउंटरवरची माझी मैत्रीण मात्र डब्याला उठताना ड्रॉवरला कुलूप लावू लागली. नियमच आहे तो. आधी लावत नव्हती, एवढंच.

ब्रिटनच्या बेरिंग्ज बँकेचा निक लीसन सौदे करायचा आणि त्यांचा हिशेबही त्याच्याच हाताखाली. त्यामुळे तोटा लपत गेला आणि 1995 मध्ये बँक बुडाली. असे किस्से प्रत्येक ट्रेनिंगला ऐकवतात. ज्याने काहीच केलेलं नाही त्याच्यामागे असल्या विश्वासाने एक साक्षीदारही उरत नाही, हे कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2021च्या सूचनेप्रमाणे नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग किमान 10 कामाचे दिवस, आगाऊ न कळवता, रजेवर पाठवायचं असतं. तुम्हाला तो संशय वाटतो. मला वाटतं, बरं झालं, तेवढे दिवस माझं काम दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जाईल.

तेव्हाची मी म्हणाली असती, असं मोजत बसलात तर शाखा रात्री दहालाही बंद व्हायची नाही. तिचं अगदीच चूक नाही. मुलाला ताप भरला होता त्या दिवशी त्याच साहेबांनी माझी कॅश न मोजता ताब्यात घेतली होती, "तू पळ" म्हणाले होते. ते मी कुठल्या खात्यात टाकू?

परवा नव्या मुलीचे वडील दवाखान्यात होते. तिला थांबवून तिची कॅश पूर्ण मोजली. बरोबर होती. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.