भाजी निवडणारा बाबा

दुपारी भाची आणि शेजारचा मुलगा भातुकली खेळत होते. तो कुकर लावायला बसला, तर ही म्हणते, "तू नको, तू ऑफिसला जा. टीव्हीत आईच करते ना!" हिच्या घरी रोज भात लावतात ते भाऊजी! समोरच्या बापापेक्षा जाहिरातीतली आई खरी वाटावी, याचं फार वाईट वाटलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतात असं चित्र आलं, तेव्हा केवढा आनंद झाला होता मला. पण पुस्तक मिटतं, टीव्ही जेवतानाही चालूच. कितीतरी मालिकांत पुरुष स्वयंपाकघरात शिरला की मागे गमतीचं संगीत वाजतं. पोरं तेही ऐकतात. मालिका करणाऱ्यांनो, ते संगीत तरी बंद करा.