एकाच मुहूर्ताच्या दोन पावत्या

तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि आमचं बुकिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांचा फोन आला. तोच हॉल, तोच दिवस, सकाळचाच मुहूर्त. पावत्या मात्र दोन, आणि दोन्ही अस्सल.

बुकिंग घेण्याआधी हॉल रिकामा आहे का, हे कोड तपासत होता. तपासणीत खोट नव्हती. पण दोन्ही नोंदींच्या वेळा पाहिल्या तर मधे अर्ध्या सेकंदाचंही अंतर नाही: एक काउंटरवरून आलेली, दुसरी ॲपवरून. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्याच्या नेहमीच्या ‘रीड कमिटेड’ पातळीवर एका ट्रॅन्झॅक्शनला (एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या गटाला) दुसऱ्याची कमिट, म्हणजे पक्की, न झालेली नोंद दिसत नाही. दोघांनाही हॉल रिकामा दिसला, दोघांनीही तो घेतला.

सहकारी म्हणाला, टेबल लॉक करू, म्हणजे एका वेळी एकालाच बुकिंग लिहिता येईल. मला ते पटेना. उद्या तिसऱ्याच वाटेने कुणी बुकिंग टाकलं आणि लॉक घ्यायला विसरला तर? ही राखण डेटाबेसनेच करावी. कन्स्ट्रेंट म्हणजे डेटाबेस स्वतः पाळतो तो नियम. साधा युनिक कन्स्ट्रेंट इथे तोकडा, कारण त्याला फक्त सारखेपणा कळतो. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती ९.० पासून एक्स्क्लुजन कन्स्ट्रेंट (टकरणाऱ्या नोंदी नाकारणारा नियम) आहे आणि ९.२ पासून रेंज टाइप, म्हणजे ‘इथपासून तिथपर्यंत’ असं एकच मूल्य. सुरुवात आणि शेवट मिळून एकच रेंज करायची; हॉल तोच असून रेंज एकमेकींत घुसत असतील, तर नोंद नाकारायची. ही तपासणी जिस्ट नावाच्या इंडेक्सवर चालते. हॉल क्रमांक साधा इंटिजर (पूर्णांक), आणि जिस्ट इंडेक्सला त्याची बरोबरी स्वतःहून तपासता येत नाही, म्हणून बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन (जोडणी) लागलं. सुपरयूझरचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, हक्क आम्हाला नव्हते, पण आवृत्ती १३ पासून हे एक्स्टेन्शन ‘ट्रस्टेड’ आहे, म्हणजे ते बसवायला सुपरयूझर लागत नाही, त्यामुळे डेटाबेसच्या मालकाच्या हक्कांत काम झालं.

कन्स्ट्रेंट मात्र लागेना. जुन्या नोंदींतच टकरी होत्या, आणि फॉरेन की (दोन टेबलं जोडणारा नियम) लावताना मिळते तशी ‘नॉट व्हॅलिड’ची, म्हणजे जुन्या नोंदी न तपासण्याची, पळवाट इथे मिळत नाही. टेबल स्वतःशीच जोडून टकरी काढल्या आणि यादी मालकांना वाचून दाखवली. काका हसायलाच लागले. “अहो मॅडम, त्या कच्च्या बुकिंगा! एकाने टोकन दिलं तरी दुसऱ्याचं नाव लिहून ठेवतो आम्ही. लग्नं मोडतात की!” म्हणजे निम्म्या टकरी हा त्यांचा धंदाच होता. कन्स्ट्रेंटला ‘वेअर’ची, म्हणजे कुठल्या नोंदींना लागू हे सांगणारी, अट जोडली: फक्त पक्की बुकिंगं. तीनला संपणारं आणि तीनला सुरू होणारं कार्य भिडू नये म्हणून रेंजचं शेवटचं टोक उघडं ठेवलं होतं, म्हणजे शेवटचा क्षण त्यात धरला नव्हता. त्यावर काका म्हणाले, “मग हॉल झाडायचा कधी?” प्रत्येक रेंजच्या शेवटी एक तास वाढवला.

मग डेटाबेसच्या दोन खिडक्या उघडून तेच बुकिंग दोन्हींत टाकलं. दुसरी नुसती थांबून राहिली. पहिलीत कमिट म्हटलं आणि दुसरीत एरर उमटली, २३पी०१: एक्स्क्लुजन कन्स्ट्रेंट मोडल्याची. पुन्हा करून पाहिलं, या वेळी पहिलीत रोलबॅक, म्हणजे नोंद रद्द. दुसरी निमूट आत गेली.

ते दोन पावत्यांचं भांडण अर्थात कुठल्याच कन्स्ट्रेंटने सुटणारं नव्हतं. काकांनी एका घराला संध्याकाळचा मुहूर्त घ्यायला राजी केलं, आणि स्टेजची सजावट फुकट दिली.