भर जुलैत तापणारे रेडिएटर

माझा दादा इंग्लंडात लीड्सला असतो. तिकडे घरं गरम ठेवायला खोल्याखोल्यांत रेडिएटर असतात, म्हणजे गरम पाणी फिरणारे भिंतीवरचे पत्र्याचे पॅनेल. हीटिंग बंद, बाहेर उन्हाळा, आणि तरी त्याच्या वरच्या मजल्यावरचे रेडिएटर रोज सकाळी चटका बसेल इतके तापत होते. इकडे पुण्यात पावसानं चार-चार दिवस कपडे वाळत नव्हते, आणि तिकडे वहिनींनी सुरुवातीला त्या रेडिएटरांवर टॉवेल वाळवून घेतले. मग गॅसचं बिल आलं.

त्यांच्याकडची व्यवस्था थोडक्यात सांगते. बॉयलर एक, कामं दोन. बॉयलरमधलं गरम पाणी एका वाटेनं अंघोळीच्या पाण्याच्या टाकीतल्या कॉइलमधून फिरतं आणि दुसऱ्या वाटेनं रेडिएटरमधून. दोन्ही वाटांवर एकेक मोटरवाला व्हॉल्व्ह. टाकीतलं पाणी लेजिओनेला जिवाणूच्या भीतीनं 60 अंशांवर ठेवतात, म्हणजे बॉयलरला उन्हाळ्यातही सुट्टी नाही. पण तेव्हा फक्त टाकीची वाट उघडी असावी आणि रेडिएटरची बंद.

फिटर आला, हीटिंगचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही म्हणाला आणि तो बदलून गेला. तसा त्याचा अंदाज वावगा नव्हता. असल्या तक्रारीत पहिला संशयित तोच असतो. रेडिएटर मात्र तापतच राहिले. मग नव्या बॉयलरचं कोटेशन आलं, आणि दादाचा मला फोन आला. मी भोसरीत पाइपिंगची ड्रॉइंग करते, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

मी त्याला म्हटलं, ‘‘दादा, रेडिएटर तापतोय हे कळलं. कुठल्या टोकाकडून तापतोय?’’

‘‘अगं, सगळाच तापतो.’’

सगळाच तापतो, पण शेवटी. म्हणून रात्री सगळं बंद करून पाइप गार होऊ दिले. दुसऱ्या दिवशी फक्त टाकीचं पाणी सुरू करायचं आणि पाइपांना हात लावत बसायचं. आधी नवा व्हॉल्व्ह. त्याच्या बाजूला एक छोटी दांडी असते. व्हॉल्व्ह बंद असेल तर ती ढकलताना स्प्रिंगचा जोर लागतो, उघडा असेल तर ढिली लटकते. दादाला जोर लागला, म्हणजे बंद. तरी खात्रीसाठी व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप हातभर अंतरावर धरायला लावला. अगदी लगत धरून उपयोग नसतो, तांबं उष्णता पुढे नेतं आणि आपण फसतो. पाइप गार होता. बाथरूममधला टॉवेलचा रेडिएटर तेवढा तापला, पण तो मी सोडून दिला. तो पुष्कळ घरांत मुद्दाम टाकीच्या वाटेवर जोडलेला असतो, आणि दादाकडेही तसाच निघाला.

मग बेडरूमचा रेडिएटर. खाली दोन्ही टोकांना पाइप. एकीकडे आकडे असलेला थर्मोस्टॅटिक नॉब, तिकडून पाणी आत यावं. दुसरीकडे टोपी घातलेला साधा व्हॉल्व्ह, तिकडून परत जावं. दादा दोन्ही हातांनी दोन्ही पाइप धरून जमिनीवर बसला होता, फोन वहिनींच्या हातात. थोड्या वेळानं तो ओरडला, ‘‘हा टोपीवाला तापला! नॉबवाला गार आहे अजून!’’

पाणी उलटं येत होतं, परतीच्या पाइपातून. पहाटे नॉबमधून टकटक आवाज येतो, ही वहिनींची जुनी तक्रार होती आणि तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. जुन्या धाटणीच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हमध्ये उलट्या दिशेनं पाणी शिरलं की तो असाच ठोके देतो.

इथं मला आमच्या सोसायटीतला सोलर आठवला. कुणाच्या तरी बाथरूममध्ये मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि हँड शॉवरचं बटण मात्र बंद, की गच्चीवरच्या टाकीतलं गरम पाणी त्या मिक्सरमधून गार लाइनीत घुसतं आणि भलत्याच फ्लॅटमध्ये गार नळाला गरम पाणी. तेव्हाही सगळे सोलरवाल्याला शिव्या घालत होते. तसा दुसरा दरवाजा दादाच्या घरात कुठेतरी उघडा असणार.

‘‘अलीकडे काही नवीन बसवलंस?’’

मागच्या वर्षी स्वयंपाकघर वाढवलं होतं आणि तिथं एक रेडिएटर आला होता. त्याचा परतीचा पाइप बॉयलरच्या अगदी जवळ, हाताला लागला त्या पाइपाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मारून जोडलेला. सगळी गोम तिथे. नियम असा की टाकीचा परतीचा पाइप बॉयलरकडे जाताना सर्वांत शेवटी मिळाला पाहिजे. त्याच्या पुढे, बॉयलरच्या बाजूला, रेडिएटरचा कुठलाही रिटर्न जोडायचा नाही. इथं जुन्या रेडिएटरांचा रिटर्न टाकीच्या टीच्या अलीकडे होता आणि नव्याचा पलीकडे. टाकीच्या टीपाशी दाब जास्त, बॉयलरजवळ पंपाच्या ओढीनं कमी. मग थोडं पाणी जुन्या रिटर्नमधून उलटं वर चढायचं, रेडिएटरांतून फिरायचं, स्वयंपाकघरात उतरायचं आणि नव्या टीतून बॉयलरकडे पळायचं. व्हॉल्व्ह बिचारा बंदच होता.

पडताळा सोपा होता. स्वयंपाकघरातल्या त्या रेडिएटरला आकड्यांचा नॉब नव्हता, साध्या फिरक्या होत्या. मी दोन्ही घट्ट बंद करायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे सगळे रेडिएटर गार आणि टकटकही नाही. स्वयंपाकघरातला तो रेडिएटर बॉयलरजवळ असूनही सगळ्यांत शेवटी का तापायचा, हेही मग उलगडलं: उलटं फिरणारं पाणी त्याच्याकडे शेवटी पोचायचं.

नव्या रेडिएटरचा रिटर्न टाकीच्या टीच्या अलीकडे हलवणं, हा खरा इलाज. पण तो पाइप नव्या ओट्यामागे गेलेला, आणि ओटा उचकटायला वहिनींनी साफ नकार दिला. म्हणून दुसऱ्या एका फिटरकडून वर टाकीच्या कपाटात, जुन्या रिटर्नवर, टीच्या आधी एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवून घेतला. खर्च व्हॉल्व्हचा आणि मजुरीचा, बॉयलर तोच. व्हॉल्व्हवरचा बाण बॉयलरकडे आहे ना, याचा फोटो मात्र मी मागवून घेतला. काम करताना पाणी काढावं लागलं होतं, तेव्हा गंजरोधक इन्हिबिटर परत घातला का आणि वरच्या रेडिएटरांतली हवा काढली का, हेही विचारलं. हवा काढली होती. इन्हिबिटर राहिला होता, तो दादानं मग स्वतः आणून घातला.