खुर्चीतला खेळाडू

क्रोके म्हणजे लांब दांड्याच्या हातोड्याने चेंडू कमानींतून न्यायचा खेळ. त्याचा सामना मी पहिल्यांदा पाहिला तो मोबाइलवर, रात्री झोप येत नव्हती म्हणून. गालिच्यासारखं मैदान, पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस, आणि कडेला खुर्चीत बसलेला दुसरा. त्याचेही कपडे पांढरेच. पहिला खेळत होता, दुसरा बसून होता. मला वाटलं, पंच असेल. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. खेळणारा चेंडू मारायचा, त्याच्या मागे चालत जायचा, पुन्हा मारायचा. बसलेल्याने तेवढ्या वेळात फक्त पायावरचा पाय बदलला. मग समालोचकाच्या बोलण्यातून उलगडा झाला, की हे गृहस्थ पंच नव्हेत, प्रतिस्पर्धी आहेत. सामना ऐन रंगात आला आहे आणि ते तो खेळताहेत. म्हणजे बसून.

तेव्हापासून या खेळात माझं लक्ष मैदानापेक्षा खुर्चीकडेच जास्त जातं.

टेनिसमध्ये हरणारा निदान धावतो तरी. बुद्धिबळात हरणाऱ्याला दर खेळीला आपली चूक स्वतःच्या हाताने करायची संधी मिळते. क्रोकेत तेही नाही. कॅरमला समोरच्याने पहिल्याच हाताला बोर्ड साफ करायला घेतला की आपण जसे स्ट्रायकर आता कधी मिळणार म्हणून बघत राहतो, तसंच काहीसं. फक्त इथला बोर्ड सुमारे 32 मीटर लांब आणि साडेपंचवीस मीटर रुंद असतो, आणि सगळं आटपायला अर्धा-अर्धा तास लागतो.

असं का होतं, हे समजायला थोडे नियम सांगावे लागतील. मैदानात सहा कमानी आणि मधोमध एक खुंटी. चेंडू चार, निळा-काळा एकाचे, लाल-पिवळा दुसऱ्याचे. प्रत्येक चेंडूने ठरलेल्या क्रमाने सगळ्या कमानी दोनदा पार करायच्या आणि शेवटी खुंटीला लागायचं. बारा आणि एक तेरा, दोन चेंडूंचे सव्वीस गुण. आपल्या पाळीत फटका एकच. पण आपला चेंडू दुसऱ्या चेंडूवर आपटला (याला ‘रोके’ म्हणतात) तर आणखी दोन मिळतात. पहिल्या फटक्याला आपला चेंडू त्या दुसऱ्याला चिकटवून ठेवायचा आणि असा मारायचा की दोन्ही हलतील. हाच तो ‘क्रोके’. त्यानंतर एक साधा फटका. कमान पार केली तरी एक फटका जास्तीचा. कमान ओलांडली की प्रत्येक चेंडू पुन्हा एकदा वापरायला मोकळा. थोडक्यात, नीट खेळत राहिलं तर पाळी संपतच नाही. आणि तुमची संपेपर्यंत दुसऱ्याची सुरू होत नाही.

आता गंमत अशी, की हा खेळ येणाऱ्याचा आणि न येणाऱ्याचा फरक बघणाऱ्याला उलटा दिसतो. नवखा खेळाडू प्रेक्षणीय असतो. वीस-वीस मीटरवरून नेम धरतो, तिरक्या कोनातून कमानीत चेंडू घुसवू पाहतो, कधी घुसतोही, आणि आपण टाळ्या वाजवतो. विजेता मात्र बघायला अगदी रटाळ. त्याचा जवळजवळ प्रत्येक फटका हातभर, दोन हात लांबीचा. पुढच्या कमानीपाशी एक चेंडू त्याने आधीच पाठवून ठेवलेला असतो, त्याला पायोनिअर म्हणतात. मधे एक उभा असतो, तो पिव्हट. म्हणजे तिसऱ्या कमानीतून जाताना चौथ्या कमानीची सोय झालेली असते आणि मनात पाचवीची चाललेली असते. एकाच ठोक्यात पुढचा चेंडू पंधरा मीटर लांब पाठवून आपला जवळच थांबवायचा, किंवा मॅलेटचा, म्हणजे त्या हातोड्याचा, दांडा पुढे झुकवून दोघांनाही बरोबर लोटत न्यायचं, हे खरं कसब. पण दोन चेंडू वेगवेगळ्या दिशांना शांतपणे जाऊन हव्या त्या जागी थांबले, याला कोण टाळी वाजवणार? अवघड फटका मारावा लागला, तर मागे दोन फटक्यांपूर्वी काहीतरी चुकलं असं समजतात.

कमानी काही सोप्या नसतात बरं का. चेंडूचा व्यास 3⅝ इंच आणि कमानीचं अंतर एरवी 3¾. मोठ्या स्पर्धांत ती फट एक मिलिमीटरच्याही आत आणतात. आणि चेंडू असतो एक पौंडाचा. एवढ्या फटीतून नव्वद अंशांखेरीज दुसऱ्या कुठल्या कोनाचा विचारही नको वाटतो. म्हणून विजेता कमानीसमोर, अगदी पुढ्यात येऊन उभा राहतो, आणि तिथपर्यंत येण्यातच त्याचं सगळं कौशल्य खर्ची पडलेलं असतं.

या रटाळपणाचा सम्राट म्हणजे इंग्लंडचा जॉन सॉलोमन. जन्म 1931 चा. 1953 ते 1968 या काळात त्याने तिथलं खुलं अजिंक्यपद दहा वेळा जिंकलं. शिवाय सगळ्या कारकिर्दीत मिळून पुरुषांचं अजिंक्यपद दहा वेळा आणि प्रेसिडेंट्स कप नऊ वेळा. मॅलेट धरायच्या एका पद्धतीला आजही ‘सॉलोमन ग्रिप’ म्हणतात. दोन्ही मुठी दांड्याच्या अगदी वरच्या टोकाला, एकीला लागून एक, आणि दोन्हींची बोटांची पेरं समोर. मग ताठ उभं राहून मॅलेट दोन पायांमधून घड्याळाच्या लंबकासारखा मागे न्यायचा. हात टोकाला असल्यामुळे तो भरपूर मागे जातो, आणि पुढे येताना वजन आपलं आपण काम करतं. आयरिश पद्धतीत याच्या नेमकं उलट, दोन्ही तळवे समोर. मी घरात लांब दांड्याच्या झाडूवर दोन्ही करून पाहिल्या. आयरिश पद्धतीत मनगटं कुरकुरली. सॉलोमनच्या पद्धतीत झाडू इतका मागे गेला की कपाटाच्या दाराला पोचा आला. तेव्हा ताकदीबद्दल माझी खात्री पटलेली आहे.

पुरुषांचं अजिंक्यपद म्हटलं म्हणून सांगते, खुल्या स्पर्धेत हा भेद नाही. डी. डी. स्टील या बाईंनी पुरुषांना खुर्चीत बसवून तेच खुलं अजिंक्यपद 1925, 1933, 1935 आणि 1936 अशी चार वर्षं नेलं. त्या खुर्च्यांत बसलेल्या सद्गृहस्थांचे चेहरे बघायला मला फार आवडलं असतं.

पण खरी कथा यापुढची आहे. खेळाडू इतके तयार झाले, की समोरच्याला खुर्चीतून उठायलाच मिळेना. तेव्हा नियम करणाऱ्यांना बसलेल्याची दया आली. त्यांनी ठरवलं, की चेंडूने एका पाळीत सातवी कमान (म्हणजे पहिलीच, दुसऱ्यांदा) ओलांडली की समोरच्याला ‘लिफ्ट’. म्हणजे त्याने आपला चेंडू उचलून ठरलेल्या रेषेवर आणावा आणि तिथून एक नेम मारून बघावा. आणि त्याच पाळीत सातवीबरोबर दहावीही ओलांडली तर समोरच्याने चेंडू उचलून सरळ दुसऱ्याला चिकटवावा आणि खेळ सुरू करावा. फार चांगलं खेळलात, आता जरा त्यालाही खेळू द्या, असं नियमातच लिहून ठेवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

विजेत्यांनी यावर काय करावं? पहिल्या चेंडूने नऊ कमानी करून ते दहावीपाशी थांबू लागले. समोरच्याला एक नेम द्यायचा, तो चुकला की दुसरा चेंडू घेऊन पूर्ण फेरी मारायची. आणि त्या फेरीतच, जाता जाता, आपल्या पहिल्या चेंडूला उरलेल्या तीन कमानींतून ढकलून न्यायचं. हे ‘ट्रिपल पील’. निकालाच्या कागदावर ‘+26टीपी’ असं छापून येतं. त्याचा अर्थ, खुर्चीतल्या माणसाचा एकही गुण नाही.

तरीसुद्धा तो एक नेम उरतोच. आणि नेम लागू शकतो. चेंडू चेंडूला कुठेही घासून गेला तरी चालतं, म्हणजे लक्ष्याची रुंदी चेंडूच्या दुप्पट, साधारण 18 सेंटिमीटर. पंचवीस मीटरवरून हे अवघड खरं, अशक्य नव्हे. मग नव्वदच्या दशकात इंग्लंडच्या रॉबर्ट फुलफर्डने आणि त्याच्या पिढीने तो उरलेला नेमही काढून घ्यायचं मनावर घेतलं. पहिल्या चेंडूने सहाच कमानी करायच्या आणि थांबायचं. सातवी ओलांडली नाही, तेव्हा लिफ्टही नाही. अर्थात, दुसऱ्या फेरीत मग तीनऐवजी सहा कमानींतून जोडीदार चेंडू ढकलायचा. याला ‘सेक्स्टपल’ म्हणतात. आपलं काम दुप्पट करून घ्यायचं, पण त्या माणसाला सोयीस्कर जागेवरून मारू द्यायचं नाही. फुलफर्ड 1990, 1992, 1994, 1997 आणि 2002 असा पाच वेळा जगज्जेता झाला. मला ही चिकाटी थोर वाटते आणि थोडी निर्दयही.

निर्दय, कारण खुर्चीतल्या माणसाला नुसतं बसायचं नसतं. त्याने लक्षही द्यायचं असतं. कमानींवर चेंडूंच्या रंगाच्या क्लिपा लावलेल्या असतात, कुठल्या चेंडूची पुढची कमान कोणती हे दाखवायला. खेळणारा एक कमान झाली की क्लिप काढून आपल्याजवळ ठेवतो आणि पाळी संपली की पुढच्या कमानीवर लावतो. समोर बसून दुसऱ्याची क्लिप अशी एकेका पाळीत कितीतरी कमानी पुढे गेलेली बघायची, आणि आपल्या दोन्ही क्लिपा सुरुवातीला लावल्या तशाच पहिल्या कमानीवर जोडीने लटकलेल्या बघायच्या.

दक्षिण आफ्रिकेचा रेग बॅमफर्ड या प्रकारात चार वेळा जगज्जेता झाला, शेवटचा 2013 मध्ये. त्याच वर्षी कैरोला जाऊन त्याने गोल्फ क्रोकेचंही जागतिक अजिंक्यपद मिळवलं. त्या प्रकारात एक फटका तुझा, एक माझा, त्यामुळे बसायला कुणाला फुरसत नसते. दोन्ही जिंकणाऱ्याचं कौतुक आहेच. पण मला त्याला विचारावंसं वाटतं, की जास्त दमायला कशात होतं?

त्या रात्रीच्या सामन्यात अखेर खेळणाऱ्याने चेंडू चार दिशांना पांगवून पाळी सोडली. खुर्चीतले गृहस्थ उठले. हातातला कप त्यांनी खुर्चीच्या पायाशी गवतावर ठेवला, मॅलेट घेतला, पार पलीकडच्या टोकाला गेले, बराच वेळ वाकून बघितलं आणि मारला. चेंडू वीतभर अंतरावरून निघून गेला. ते परत आले, बसले, आणि खाली वाकून तो कप उचलला. त्यातला चहा अजून गरम असावा, कारण एक फुंकर मारून मगच त्यांनी घोट घेतला.