मेग थांबली नाही

१२ जुलै, शनिवार. लीनान, आयर्लंड.

शेजारच्या आजोबांच्या मेंढ्या आज डोंगरावरून उतरवल्या. कातरणीचे दिवस आहेत. पहाटे निघालो तेव्हा किलरीच्या खाडीवर इतकं धुकं होतं की पलीकडचा म्वीलरी डोंगर दिसतच नव्हता.

डोंगर सामाईक, इथं त्याला कॉमनेज म्हणतात. मधे कुंपण नाही, चार-पाच घरांच्या मेंढ्या एकत्र चरतात. आजोबांच्या मेंढ्यांच्या पाठीवर निळा पट्टा. काळ्या तोंडाच्या या मेंढ्या आपलं रान सोडत नाहीत. आईमागं हिंडताना कोकराला हद्द कळते, आणि पुढं तेही आपल्या पिल्लाला तीच दाखवतं. बाजारातून नवा कळप आणून सोडला तर तो भरकटतो.

लहानपणी माणमध्ये आमच्या रानात धनगरांचा वाडा उतरायचा, खतासाठी मेंढ्या बसवायच्या. त्यांची कुत्री लांडग्यावर राखण करायची, रात्रभर भुंकून रान जागं ठेवायची. आयर्लंडमधला शेवटचा लांडगा १७८६ मध्ये मारला गेला असं सांगतात. इथल्या कुत्र्याचं काम वेगळं. मेंढ्या वळवायच्या, आणि त्याही न भुंकता.

आजोबांची कुत्री मेग, सात वर्षांची बॉर्डर कॉली. पोट जवळजवळ गवताला टेकलेलं, एक पुढचा पाय अधांतरी, आणि नजर मेंढीवर खिळलेली. त्या नजरेनंच मेंढी वळते. 'कम बाय' म्हटलं की घड्याळाच्या काट्यांसारखा कळपाला वळसा, 'अवे' म्हटलं की उलटा. लांबवर गेली की शिट्टी. आजोबांचे गुडघे आता चढ घेत नाहीत. वरचं सगळं रान तिच्याच भरवशावर.

निम्म्या उतारावर त्यांनी बसण्याची शिट्टी दिली. मेग बसली नाही. पुन्हा शिट्टी. ती पीट (जळणासाठी वापरतात ती दलदलीतली काळी माती) खणलेल्या चराकडं पळाली आणि दिसेनाशी झाली. मला वाटलं, आता ओरडतील. ते काठीवर रेलून उभे राहिले, गप्प. थोड्या वेळानं चरातून एक मेंढी वर आली, मागं पोटापर्यंत काळ्या चिखलानं माखलेलं कोकरू, आणि त्याच्या मागं मेग.

"तिला तिथून दिसतं, मला इथून दिसत नाही," एवढंच ते म्हणाले.

लोकर ओली, त्यामुळं आज कातरणी नाही. मेंढ्या शेडमध्ये कोंडल्यात, वाळल्या तर उद्या माणूस येईल. लोकर विकून त्याची मजुरीसुद्धा निघत नाही. वर्षभर डोंगर तुडवायचा आणि लोकरीला मातीमोल भाव, याचा मला फार राग येतो.

संध्याकाळी मेग लंगडायला लागली. गॉर्सच्या झुडपाचा काटा रुतला होता. आजोबांनी चष्मा लावला, पंजा मांडीवर घेतला. मी टॉर्च धरला. काटा निघेपर्यंत ती हलली नाही, फक्त शेडमधल्या मेंढ्यांकडं बघत राहिली.