साडेपाचनंतर पुस्तक मिळत नाही

आमच्या रात्र कॉलेजात एम.कॉम. करणारे सगळेच नोकरदार. कोणी मेडिकलच्या दुकानात, कोणी कुरिअरवाल्याकडे, मी घाटकोपरला एका सीएकडे. लेक्चर साडेसहाला सुरू होतं आणि लायब्ररीचं देवघेव काउंटर साडेपाचला बंद. अभ्यासिका मात्र रात्री दहापर्यंत उघडी, पंखे-लाइट चोख. तिथे बसून वाचायचं काय, तर आपल्याच वह्या!

परवा कॉलेजने 'तुम्हाला काय सोयी हव्यात' म्हणून बैठक घेतली. एसी अभ्यासिकेचा प्रस्ताव आधीच टाइप करून तयार होता. अहो, बसायला जागा कोणाला हवीये? डोंबिवली लोकलमध्येही आम्ही वाचतो, उभ्यानं का होईना. पुस्तक घरी न्यायला मिळू दे, आणि ते सात दिवसांत परत मागू नका. मार्चएंडला सीएच्या ऑफिसातून वेळेवर सुटलेलं माणूस पाहिलंय कोणी? कॉस्टिंगचं एक पुस्तक परत करायला मी हाफ डे टाकला. दंड वाचला, अर्धा पगार गेला.

त्या दिवशी पहिल्यांदाच आतली भिंत नीट बघितली. ग्रंथपालांच्या खुर्चीमागे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची १९३१ सालची पाच सूत्रं फ्रेम करून लावलीत. चौथं सूत्र: वाचकाचा वेळ वाचवा.

त्याच फेरीत कळलं की कॉलेज एन-लिस्टचं सभासद आहे. कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं पुरवणारी ही योजना, यूजीसीच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राची. लॉगिन मिळालं की हजारो ई-पुस्तकं आणि जर्नल्स घरबसल्या उघडतात. रात्री अकराला, भांडी आवरल्यावर. आम्हाला याचा पत्ता नव्हता, कारण सूचना लागते काउंटरशेजारच्या फळ्यावर. अर्ज केला, दोन दिवसांत आयडी-पासवर्ड आला. अर्थात मराठीतून पेपर लिहिणाऱ्यांना तिथे फारसं काही सापडत नाही. त्यांना कपाटातलंच पुस्तक लागतं आणि त्या कपाटाला कुलूप.

शेवटी आम्ही पत्र दिलं. फार काही मागितलेलं नाही: आठवड्यातून दोन दिवस काउंटर आठपर्यंत, नोकरदारांना पुस्तक पंधरा दिवस, आणि फोनवर नाव नोंदवलं तर पुस्तक बाजूला काढून ठेवणं. शिपाईमामा म्हणाले, "मी थांबतो की, ओव्हरटाइम द्या म्हणावं." मामांचं बरोबरच आहे, तेही आम्ही पत्रात घातलं.

काल उत्तर आलं. विषय ग्रंथालय समितीपुढे ठेवलाय, विद्यार्थ्यांनी अवश्य उपस्थित राहावं. गुरुवारी, दुपारी दोन वाजता.